बांधकाम साहित्याच्या कंपनीत शहरातल्या डिलिव्हरीचा ड्रायव्हर म्हणून रुजू होण्याआधी काय ठरवून घ्यावे?

प्रश्न : चालक, वाघोली

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी गाडी चालवतो. काम रात्रपाळीचे असल्यामुळे मुलगी शाळेतून येते तेव्हा मी झोपलेला असतो आणि ती झोपायला जाते तेव्हा माझी निघायची वेळ होते. म्हणून दिवसाचे काम शोधत होतो आणि ओळखीतून एका पुरवठादार कंपनीकडून बोलावणे आले आहे. ही कंपनी टाइल्स, सॅनिटरी वेअर, पाइप, पाण्याच्या टाक्या, सिमेंट आणि टाइल्स बसवण्याचे अ‍ॅडहेसिव्ह असा माल बिल्डर, ठेकेदार आणि घरमालकांना पोहोचवते. गोदाम फुरसुंगीच्या बाजूला आहे. गाड्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आणि फार तर सासवड, चाकण, तळेगावपर्यंत जातात, त्यामुळे मुक्कामी राहावे लागत नाही.

पगाराचे दोन पर्याय त्यांनी ठेवले आहेत. एकात महिना १९,००० रुपये आणि कामाच्या दिवशी १५० रुपये खुराकी (जेवणाखाण्याचा भत्ता) आहे. दुसऱ्यात बांधील पगार बराच कमी, पण प्रत्येक खेपेमागे वेगळे पैसे आहेत. कंपनीकडे तीन गाड्या आहेत : एक ४०७ च्या (टाटाच्या छोट्या ट्रकच्या) आकाराची, एक १४ फुटी आणि एक त्याहून मोठी. माझ्याकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स आहे, त्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही. माणसांची गाडी चालवण्याचा अनुभव भरपूर आहे, पण मालाच्या गाडीचा अजिबात नाही.

या लायसन्सवर यातल्या कोणत्या गाड्या चालवता येतील, माल उतरवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर येते का, टाइल्स फुटल्या तर पैसे कोणाच्या पगारातून जातात, आणि पगाराचा कोणता पर्याय घ्यावा, हे या कामात असलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना चालक, कात्रज

भाऊ, तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी सांगतो. कंपनी तुम्हाला ड्रायव्हर म्हणून घेत असली तरी या कामात स्टिअरिंगवर जाणारा वेळ निम्म्याहूनही कमी असतो. बाकीचा वेळ माल भरून घेणे, बांधणे, पत्ता शोधणे, साइटवरचा माणूस येईपर्यंत थांबणे, मोजून माल देणे आणि पोच घेणे यात जातो. पगाराची, हमालीची आणि नुकसानीची सगळी भांडणे याच वेळातून निघतात, म्हणून रुजू होतानाची बोलणीही या वेळाबद्दल करावीत.

आता लायसन्सचे बघू. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला आहे की, मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते आणि त्यासाठी ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. गाडीचा आकार बघून अंदाज बांधू नका. आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. ४०७ च्या आकाराची गाडी या मर्यादेत बसते, १४ फुटीपैकी काही बसतात आणि काही बसत नाहीत, आणि त्याहून मोठी गाडी बहुतेक बसणार नाही. एखाद्या दिवशी मोठ्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही की गोदामाचा सुपरवायझर तुम्हाला म्हणेल, जवळच जायचे आहे, तेवढी घेऊन जा. त्या दिवशी नाही म्हणायचे हे आजच ठरवून ठेवा, कारण त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी लायसन्सचा मुद्दा काढणार आणि मालक तुमच्याकडे बोट दाखवणार. पुढे हे काम जमले तर ट्रान्सपोर्टचे लायसन्स काढून घ्या. त्याची मुदत ५ वर्षांची असते.

मालाच्या गाडीचा अनुभव नसल्यामुळे वजनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे अडीच टन वाहू शकणारी गाडी ५० गोण्यांत भरली. २ बाय ४ फुटांच्या दोन टाइल्सच्या पेटीचे वजन ३० किलोच्या आसपास असते, त्यामुळे ८० पेट्या चढल्या की गाडी जवळपास तिच्या मर्यादेला पोहोचते. अडचण अशी की, एवढ्या पेट्या उभ्या लावल्या तरी हौद्यात (गाडीच्या माल ठेवायच्या भागात) त्या गुडघ्याच्या वर फारशा येत नाहीत आणि गाडी रिकामी दिसते. गोदामातला माणूस हौद्याच्या मागच्या फाळक्याशी उभा राहून वर बघतो आणि म्हणतो, अजून २० गोण्या सहज बसतील. जागा असते, पण वजन शिल्लक नसते, आणि ते स्प्रिंगच्या पाट्यांना, टायरांना आणि ब्रेकला कळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये लागतात आणि जादा माल जागच्या जागी उतरवून घेतल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. हौद्याच्या बाहेर माल काढून नेला तर त्यालाही २०,००० रुपयांचाच दंड आहे. पाइप २० फुटी आणि हौदा १४ फुटी असेल तर १० फुटी पाइप मागवायला किंवा मोठी गाडी लावायला सांगा.

भरण्याच्या क्रमाचा नियम साधा आहे : जो माल सर्वांत शेवटी उतरवायचा तो सर्वांत आधी भरायचा. मात्र हा नियम वजनाच्या नियमाखाली येतो. टाइल्स नेहमी कॅबिनकडच्या भिंतीला टेकवून, काठावर उभ्या आणि एकमेकींना घट्ट लावून ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या पेट्यांचे कोपरे जातात. कमोड आणि बेसिनच्या खोक्यांवर दुसरे काहीही ठेवू नये. पाण्याच्या रिकाम्या टाकीचे वजन कमी म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, परंतु बायपासच्या पुलावर आडवा वारा आला की तीच टाकी सर्वांत आधी उचलली जाते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी दोर हवेत. पावसाळ्यात सिमेंट आणि अ‍ॅडहेसिव्हच्या गोण्यांच्या खालीही प्लास्टिक अंथरावे. ताडपत्री वरून घातलेली असते, पण हौद्याच्या फटींतून चाकांनी उडवलेले पाणी येते आणि खालचा थर गोठतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या फेऱ्या नक्की त्या बाजूला होतील. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार लांब आहे आणि डिझेल वाचवण्यासाठी तिथे गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी बघितले आहेत. भरलेल्या गाडीला इंजिनाचा रोध मिळाला नाही की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. दिवे घाट आणि बोपदेव घाटालाही हेच लागू आहे. ज्या गिअरमध्ये गाडी चढ चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. मालक डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवरून बोलत असेल तर त्याला स्पष्ट सांगावे की, उतारावरचे डिझेल वाचवणार नाही.

उत्तर : गोदामात डिस्पॅच बघणारी, उरुळी देवाची

दादा, मी अशाच एका कंपनीच्या गोदामात गाड्या लावण्याचे आणि चलनांचे (मालासोबत जाणाऱ्या कागदांचे) काम बघते, त्यामुळे नुकसानीच्या प्रश्नाचे उत्तर देते. टाइल्स कुठे फुटल्या हे शोधणे अवघड असते : कारखान्यातून येताना, आमच्या गोदामात, तुमच्या गाडीत की साइटवरच्या हमालांच्या हातून. ज्याच्याकडे लेखी नोंद नसते त्याच्या अंगावर नुकसान येते, आणि बहुतेक वेळा नोंद नसलेला माणूस ड्रायव्हरच असतो.

म्हणून भरताना तुम्ही स्वतः गाडीपाशी उभे राहा. पेटी हातात घेऊन किंचित हलवली तरी फुटक्या टाइलचा आवाज वेगळा येतो, आणि कोपरा दबलेली पेटी डोळ्यांना दिसते. अशी पेटी तिथेच बदलून मागा. बदलून मिळाली नाही तर चलनावर "दोन पेट्यांचे कोपरे दबलेले" असे लिहून आमच्या माणसाची सही घ्या आणि मगच गाडी काढा. आम्ही त्या वेळी घाईत असतो आणि नवा ड्रायव्हर थांबला की सगळे वैतागतात, तरीही थांबा. चांगले सुपरवायझर अशा ड्रायव्हरला आठवडाभरात ओळखतात आणि त्याच्या गाडीवर महाग माल देऊ लागतात.

बिल किंवा डिलिव्हरी चलन तीन प्रतींत असते : एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची आणि एक कंपनीची. माल उतरल्यावर आमच्या प्रतीवर सही, नाव, तारीख आणि शक्य असेल तिथे शिक्का हवा. साइटवर कोणीतरी वॉचमनकडून सही घेऊन या असे सांगतो, पण तशी सही ठेकेदार नंतर मान्य करत नाही. ज्याने ऑर्डर दिली त्याला फोन लावा, कोणाची सही चालेल ते त्याच्याकडून ऐका आणि ते नाव चलनावर लिहा. उतरवलेल्या मालाचा फोटो काढताना मागे साइटचा बोर्ड किंवा इमारतीचे नाव येईल असा काढा.

ई-वे बिलाकडेही (जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या मालवाहतुकीच्या कागदाकडे) लक्ष असू द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर ते लागते. अंतर २०० किलोमीटरच्या आत असले की त्याची मुदत एका दिवसाची असते, आणि शहरातल्या डिलिव्हरीला तेवढे पुरते. अडचण येते ती गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागतो तेव्हा. त्या वेळी नव्या गाडीचा नंबर बिलात भरल्याशिवाय हलू नका. तपासणीत कागद जुळला नाही तर कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. तो कंपनीने भरायचा असतो हे खरे, पण तो भरला जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला गाडीजवळ तुम्हालाच बसून राहावे लागते.

माल उतरल्यावर घरमालकाने रोख पैसे दिले तर कंपनीच्या छापील पावतीशिवाय ते घेऊ नका. पावतीपुस्तक दिले नसेल तर पैसे वसूल करणे तुमचे काम नाही असे आधीच सांगून ठेवा.

उत्तर : पिकअपवाला, चिंचवड

मित्रा, माझा सल्ला वेगळा आहे. नोकरी करण्यापेक्षा स्वतःची छोटी गाडी घेऊन ती अशाच कंपनीला लावावी. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही आणि तुमच्या लायसन्सवर ती चालवता येते. मी गेली काही वर्षे दोन दुकानांचा आणि एका कंपनीचा माल पोहोचवतो. कोणाच्या खुराकीवर अवलंबून राहावे लागत नाही, आणि ज्या दिवशी मुलीच्या शाळेत जायचे असेल त्या दिवशी गाडी दारात उभी ठेवता येते. हप्ता असतो, विमा असतो, पण दहा वर्षांनी हातात काहीतरी उरते.

उत्तर : जुना चालक, कात्रज

पिकअपवाले भाऊ, तुमचे चांगले चालले आहे याचा आनंद आहे, पण प्रश्न विचारणाऱ्यांनी मालाची गाडी अजून एकदाही चालवलेली नाही. बांधकामाचा धंदा पावसाळ्यात मंदावतो आणि पितृपक्षात घरमालकांची खरेदी थांबते, पण हप्ता दर महिन्याला जातोच. कंपन्या भाड्याचे पैसे महिना-दोन महिने थकवतात हे तुम्हालाही माहीत आहे. आधी वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर काम करावे, कोणता ठेकेदार वेळेवर माल उतरवून घेतो आणि कोणता तासन्‌तास उभे करतो हे पाहावे, आणि मग गाडी घ्यायची की नाही ते ठरवावे.

उत्तर : साइट इंजिनिअर, हिंजवडी

मी माल घेणाऱ्या बाजूचा आहे, म्हणून आमच्या साइटवर नव्या ड्रायव्हरने काय विचारावे ते लिहितो. गेटमधून आत येण्याआधी इंजिनिअरला किंवा सुपरवायझरला विचारा की, ज्या जागेवरून गाडी न्यायची आहे त्या जागेच्या खाली काय आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची स्लॅब, पार्किंगच्या वरचा पोडियम आणि नुकतीच बुजवलेली ड्रेनेजची चर हे तिन्ही वरून सारख्याच सपाट जमिनीसारखे दिसतात. वॉचमन "या, या" म्हणून हात करतो, त्याला स्लॅबची क्षमता ठाऊक नसते. भरलेल्या गाडीचे मागचे चाक चरीत रुतले की माल तिथेच उतरवून क्रेन मागवावी लागते आणि दिवस जातो. तयार सोसायटीत जात असाल तर पार्किंगच्या छताची उंचीही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. साइटवर मजुरांची कुटुंबे राहतात आणि त्यांची लहान मुले वाळूच्या, खडीच्या ढिगाशी खेळत असतात. तुम्ही माल उतरेपर्यंत गाडी उभी करता तेव्हा गाडीच्या मागे सावली पडते, आणि उन्हाळ्यात मुले त्या सावलीत येऊन बसतात. गाडी सुरू करण्याआधी उतरून तिच्याभोवती पूर्ण फेरी मारा, खाली वाकून बघा आणि रिव्हर्स घेताना मदतनीस तुमच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा करा. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची. आमच्या साइटवर हा नियम न पाळणाऱ्या ड्रायव्हरची गाडी आम्ही पुन्हा आत घेत नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

वेळेबद्दलही कंपनीशी बोलून घ्या. मोठ्या गाड्यांना शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर गर्दीच्या वेळी बंदी असते, आणि आमचे हमाल सकाळी नऊच्या आधी येत नाहीत. सोसायट्या दुपारी आवाजाचे काम करू देत नाहीत. यामुळे दिवसातले उपयोगाचे तास थोडेच उरतात, आणि कंपनीने सहा ठिकाणचा माल एका गाडीत भरला तर शेवटच्या दोन ठिकाणी तुम्ही अंधार पडल्यावर पोहोचता.

उत्तर : कामगार संघटनेत काम केलेला, सोलापूर

पगाराच्या पर्यायाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : बांधील पगाराचाच पर्याय घ्या. खेपेवर पैसे असलेला माणूस घाई करतो, जादा वजन घेतो, जेवण टाळतो आणि गाडीभोवती फेरी मारण्याचे सोडून देतो. वर या मंडळींनी सांगितलेली सगळी काळजी खेपेच्या हिशेबात तोट्याची ठरते. शिवाय साइटवर चार तास ताटकळलात तर त्या वेळाचे पैसे खेपेच्या पद्धतीत कोणीही देत नाही. कंपनीचा नियोजनातला दोष त्यामुळे ड्रायव्हरच्या खिशातून भरून निघतो, आणि म्हणूनच अनेक मालकांना ही पद्धत आवडते.

कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ ही मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच घातलेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ती तशीच आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन द्यायचे आहे. मालक म्हणेल की साइटवर थांबलेला वेळ हा आरामाचा वेळ आहे. तसे नाही. गाडी आणि माल तुमच्या ताब्यात असताना तुम्ही कामावरच असता.

कंपनीत १० किंवा अधिक माणसे असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि २० किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे आणि कामगाराचा वाटा पाऊण टक्का असतो. तुमचा मूळ पगार या मर्यादेत बसतो. मात्र खुराकी वेतनात धरतात की प्रवासखर्च म्हणून दाखवतात हे विचारून घ्या, कारण बेरीज मर्यादेच्या वर गेली तर तुम्ही योजनेबाहेर राहाल. त्या परिस्थितीत कामावर इजा झाल्यास भरपाईसाठी कंपनीने वेगळा विमा घेतला आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. या कामात कंबर आणि गुडघे जातात. तो विमा चालकाच्या कुटुंबासाठी पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

नुकसानीच्या कपातीबद्दल एवढेच लक्षात ठेवा की, मालकाला वाटले म्हणून पगारातून पैसे कापता येत नाहीत. नुकसान थेट कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या वेतन संहितेतही ती आहे. गोदामातल्या ताईंनी सांगितलेली चलनावरची नोंद तुमची बाजू मांडायला उपयोगी पडते.

राहिला हमालीचा प्रश्न. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. मार्केट यार्डासारख्या ठिकाणी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेले कामगार असतात आणि चढाई-उतराईचे दर ठरलेले असतात. खासगी साइटवर आणि बंगल्यांवर असे काही नसते, तिथे घरमालक सहज म्हणतो, दोघे मिळून तिसऱ्या मजल्यावर ठेवून द्या. तीस किलोची पेटी तीन मजले चढवणे हे ड्रायव्हरचे काम नाही. बिलावरच "माल गेटपर्यंत, उतराई ग्राहकाकडे" असे छापायला कंपनीला सांगा, म्हणजे गेटवर तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. कंपनी वर पोहोचवण्याचे पैसे घेत असेल तर त्यासाठी माणसेही तिनेच द्यावीत.

प्रतिसाद : चालक, वाघोली

सर्वांचे मनापासून आभार. वरचे मुद्दे कागदावर लिहून मी काल मालकांना भेटलो. बांधील पगार मान्य झाला आहे. प्रत्येक गाडीवर एक मदतनीस देणार आहेत. ४०७ आणि १४ फुटी गाडीची आरसी बुके मी बघितली आणि दोन्हींचे एकूण वजन ७,५०० किलोच्या आत आहे. मोठी गाडी मला देणार नाहीत असे त्यांनी सुपरवायझरसमोर सांगितले. उतराई ग्राहकाकडे असे बिलावर छापण्यास ते तयार आहेत, परंतु जुन्या ग्राहकांना थोडी सवलत द्यावी लागेल असे त्यांचे म्हणणे पडले. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय दोन्ही आहे, आणि खुराकी प्रवासखर्चात दाखवतात.

एका गोष्टीवर मात्र एकमत झाले नाही. वाहतूक पोलिसांचा कोणताही दंड आला तरी तो ड्रायव्हरने भरायचा, असा त्यांचा नियम आहे. यावर काय तोडगा काढावा?

उत्तर : जुना चालक, कात्रज

भाऊ, तुम्ही बरेच मिळवले आहे. "जुन्या ग्राहकांना सवलत" म्हणजे नेमके कोणते ग्राहक, त्यांची नावे मागून घ्या आणि तिथे जाताना दुसरा मदतनीस लागेल हे आत्ताच सांगा. यादी नसेल तर महिन्याभरात प्रत्येक ग्राहक जुना होतो.

दंडाचे दोन भाग करा. सिग्नल तोडणे, वेग, सीटबेल्ट, फोनवर बोलणे हे तुमच्या हातात आहे आणि त्याचा दंड तुम्हीच भरला पाहिजे. जादा वजन, हौद्याबाहेर गेलेला माल, बंदीच्या वेळेत पाठवलेली गाडी, संपलेले फिटनेस किंवा पीयूसी आणि उतराईसाठी साइटसमोर उभे राहावे लागल्यामुळे झालेला पार्किंगचा दंड हे कंपनीच्या निर्णयातून येतात आणि ते कंपनीनेच भरावेत. मालकांसमोर हा फरक अशाच शब्दांत मांडा; बहुतेक मालक तो मान्य करतात, कारण त्यांनाही ड्रायव्हर टिकायला हवा असतो. ते अजिबात ऐकत नसतील तर निदान जादा वजनाचा दंड तरी यातून बाहेर काढून घ्या, कारण एकाच वेळी महिन्याभराचा पगार त्यातच जाऊ शकतो.

हल्ली दंडाचे ई-चलन गाडीमालकाच्या मोबाइलवर येते आणि ड्रायव्हरला ते पगाराच्या दिवशी कळते, तोपर्यंत त्या दिवशी काय झाले होते हे कोणालाच आठवत नाही. त्यामुळे एक छोटी वही गाडीत ठेवा आणि रोज गोदामातून निघण्याची वेळ, डिलिव्हरी चलनांचे नंबर, प्रत्येक साइटवर पोहोचण्याची व निघण्याची वेळ आणि गाडी कुठे उभी केली ते लिहीत जा. वेळ गोदामाने ठरवली असेल तर ती सांगणाऱ्याचे नाव लिहा. दर शनिवारी त्या पानावर सुपरवायझरची सही घ्या. साइटवर ताटकळलेल्या तासांचा हिशेबही त्याच वहीत तयार होतो, आणि जादा कामाचे पैसे मागताना तो उपयोगी पडतो.

पहिला पंधरवडा जमले तर जुन्या ड्रायव्हरबरोबर मदतनीस म्हणून जाण्याची परवानगी मागा. टाइल्स बांधायला आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक ओळखायला तेवढा वेळ लागतो.

प्रतिसाद : चालक, वाघोली

दंडाची विभागणी लिहून दिली आणि जादा वजनाचा, वेळबंदीचा व कागदपत्रांचा दंड कंपनीकडे घेण्यास ते राजी झाले. पार्किंगच्या दंडाचा निर्णय प्रत्येक वेळी वही बघून करू असे ठरले आहे. सोमवारपासून १४ फुटी गाडीवर जुन्या ड्रायव्हरबरोबर जायचे आहे.

उत्तर : गोदामात डिस्पॅच बघणारी, उरुळी देवाची

दादा, सोमवारी सकाळी भरणी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि त्या दिवसाची सगळी चलने आधी हातात घ्या. कोणता माल शेवटी उतरायचा आहे हे तुम्हाला आधी कळले तर भरणारी मंडळी तुमचे ऐकतील. निम्मी गाडी भरल्यावर सांगितले तर पुन्हा उतरवायला कोणी तयार होत नाही.